विहीणबाईंचं झबलं

लेक बाळंतपणाला माझ्याकडे आलीय. दोरीवर नातीची दोन झबली वाळतायत. एक माझं, दुकानदाराने ‘पर्यावरणपूरक’ म्हणून गळ्यात मारलेल्या महागड्या सुती कापडाचं. दुसरं विहीणबाईंनी आपल्या जुन्या सुती साडीतून शिवलेलं. त्यांचं वाऱ्यावर डुलतंय, माझं पापडासारखं ताठ लटकलंय.

नात माझ्या झबल्यात रडते आणि त्यांच्या झबल्यात गाढ झोपते. माझ्याच घरात!

“अहो, तान्ह्या अंगाला नवं कापड टोचतं हो,” विहीणबाई गोड हसून म्हणाल्या. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण मिरवायची हौस नडली. वर माझ्या कातरणाच्या चिंध्यांनी पिशवी भरली, आणि त्यांनी साडीच्या काठाचेसुद्धा झबल्याला बांधायचे बंद शिवले.

मऊपणा काही दुकानात वारावर मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी ते कापड वर्षानुवर्षं अंगावर वागवावं लागतं.

माझं ते महागडं कापड बरंच उरलं होतं, त्याचा मी स्वतःला गाऊन शिवलाय. रोज घालते, रोज धुते.

“आई, दुसरे गाऊन नाहीत का गं तुला?” लेक विचारते.

आहेत की. पण दुसऱ्या नातवंडाला पहिलं झबलं माझ्या गाऊनचं चढणार आहे.