ढोलाच्या पोटातली वाकळ

जिलानी पत्रेवाल्याला ओळखत नाही असा माणूस त्या काळी लातुरात सापडला नसता, आणि याचं निम्मं श्रेय खुद्द जिलानीलाच द्यायला हवं. गंजगोलाईच्या, म्हणजे गावातल्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या गल्लीत त्याचं घर आणि डबे-चाळण्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक चाळणी न्यायला आलं की चाळणीबरोबर जिलानीच्या ड्रमची एक गोष्ट ऐकूनच जायचं. तरुणपणी तो दोन वर्षं सिकंदराबादेत कामाला होता. तिथल्या एका हॉटेलात त्यानं रॉक बँड ऐकला आणि तिथून जो बिघडला तो बिघडलाच. "रॉक म्हंजे काय वो जिलानीभाई?" असं कुणी विचारलं की उत्तर तयार असायचं, "घोड्याला नाचवतो तो बँडबाजा. बसल्या माणसाला नाचवतं ते रॉक."

आता बढाया मारणाऱ्याला वाजवता येत नसतं असा एक समज आहे. जिलानीनं तो खोटा पाडला होता. हात असा चालायचा की बघणाऱ्याला काठ्या दिसायच्या नाहीत. फक्त एक गोष्ट तो कधी कुणाला सांगायचा नाही. ढोल वाजवायचा जिलानी, पण ढोलाला बोलतं करायची त्याची बायको, गौसिया.

गौसिया नांदेडची. तिथल्या इतवारा पेठेत तिच्या बापाचं तबले-ढोलक्या मढवायचं दुकान होतं. बापाला मुलगा नव्हता. त्यानं पोरीचा कान हेरला आणि तिलाच शेजारी बसवून घेतलं. कातडं कुठं सैल आहे, कुठं ताणलंय, ते टिचकी मारून ओळखायचं. लग्न होऊन ती लातूरला आली तेव्हा जिलानी श्रीमंतरावांच्या बँड पार्टीत गळ्यात एकुलता एक साइड ड्रम अडकवून वराती गाजवत होता. पहिल्याच आठवड्यात ती पडद्याआडून म्हणाली, "अजी, डाव्या बाजूनं ढिला हाय तुमचा ड्रम." जिलानी मोठ्यानं हसला. मग त्यानं डावीकडची चावी दीड आटा फिरवली, काठी मारली आणि त्याचं हसू थांबलं.

तेव्हापासून तो ड्रम गौसियाच्या हाताखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडला नाही. उन्हाळ्यात कातडं तडतडायला लागलं की ती ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. पावसाळ्यात सादळलं की शेगडीवर धरून शेकायची. आणि जिलानी बाहेर जाऊन सांगायचा, "आपल्या हाताची करामत हाय!" तिला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण नवऱ्याची जीभ आपल्याला आवरायची नाही हे तिला कळून चुकलं होतं, आणि ढोल चांगला वाजला की राग निम्मा तिथंच विरायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, लग्नं लांबली, वराती बंद पडल्या. श्रीमंतरावांनी बँड मोडला. कुणी बिगुल नेला, कुणी झांजा नेल्या. जिलानीच्या वाट्याला साइड ड्रम आला आणि वर बँडवाल्यांचे पाच लाल कोट आले, जरीच्या पट्ट्यांचे. ते कुणालाच नको होते. दुष्काळात जरीचा कोट घालून जायचं कुठं? नवरा-बायको दोघं औशाच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले. दुपारी दुष्काळी कामावरची सुकडी मिळायची, ती खाऊन पुन्हा हातोडा. जिलानी तिथंही गप्प बसला नाही. हातोड्यानं ताल धरायचा आणि मुकादम ओरडेपर्यंत अख्खी रांग त्याच्या ठेक्यावर खडी फोडायची.

त्या साली बाजारात कातडं मातीमोल झालं होतं. जिलानी म्हणाला, "चार कातडी घेऊन ठेवू, पुढं कामाला येतील." गौसियानं नांदेडला बापाला विचारलं. बापाचा निरोप आला, "घेऊ नका. उपाशी जनावराचं कातडं उपाशीच बोलतं." त्यांनी घेतली नाहीत. त्याऐवजी गौसियानं संध्याकाळच्या उजेडात बसून ते पाच लाल कोट उसवले, सुकडीची रिकामी पोती धुऊन आत घातली आणि एक जाडजूड वाकळ शिवली. वरून लाल, मध्ये जरीच्या पट्ट्या. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. तेलाच्या दुकानातली नागम्मा म्हणाली, "गौसिया, ही वाकळ न्हवं, वरात हाय!"

दुष्काळ सरला आणि रस्त्याच्या कडेला डांबराचं एक रिकामं पिंप पडलेलं जिलानीला दिसलं. त्याच्या डोक्यात सिकंदराबादचा ड्रमसेट होताच. पत्रा कापणं हा तर त्याच्या हातचा मळ. पिंप अर्ध्यावर कापून त्यानं पायानं वाजवायचा मोठा ढोल केला, जुन्या शिलाई मशीनच्या पायापासून पेडल केलं, दोन डब्यांचे छोटे ढोल केले. झांज कुठून आणायची? गौसियाच्या माहेरची पितळी परात एक दिवस भिंतीवरून गायब झाली आणि दुसऱ्या दिवशी मधोमध भोक पडून परत आली. ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं परातीला टिचकी मारली आणि म्हणाली, "काठ थोडा ठोकून पातळ करा. आत्ता जेवण वाढल्यावानी वाजतीय."

त्या पिंपाच्या सेटनं सात वर्षं मराठवाडा गाजवला. उदगीर, उमरी, बिलोली, जिथं ऑर्केस्ट्रा लागेल तिथं. ढोलांची कातडी गौसियानं मढवलेली, चांगल्या खात्यापित्या बोकडांची. लोक म्हणायचे, जिलानीचा ढोल छातीत वाजतो. हे कानावर आलं की गौसिया भाकरी थापता थापता उगाचच हसायची. तिला अभिमान वाटायचा आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती.

ऐंशी साली जिलानीनं सिकंदराबादेहून जुना, पण कंपनीचा ड्रमसेट आणला. लाल, चकचकीत, स्क्रू फिरवून ताणायचे प्लास्टिकचे पडदे. ऊन लागो की पाऊस, ढिला म्हणून पडायचा नाही. बघायला गल्ली लोटली. जिलानीनं हौसेनं बायकोला सांगितलं, "आता धूर नक्को, राख नक्को, शेगडी नक्को. तू आराम कर." बिचारा प्रेमानंच म्हणाला, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. पंधरा वर्षांचं काम नवऱ्यानं एका वाक्यात काढून घेतलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. पिंपाचा ढोल माळ्यावर गेला. गौसिया नव्या सेटला हात लावेना.

आणि ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून गावाला उधाण आलं. व्यापाऱ्यांनी गोलाईसमोर मांडव घालून गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. पुढाकार आडत दुकानदार गुरुबसप्पांचा, ढोलावर अर्थातच जिलानी. आपल्या जिल्ह्याच्या पहिल्या कार्यक्रमात आपण वाजवणार, हे त्यानं महिनाभर प्रत्येक चाळणीबरोबर विकलं.

आदल्या दिवशी दुपारी तालीम झाली. जिलानीनं मोठ्या ढोलावर पाय मारला. 'धूम' गेला, गोलाईच्या गोल भिंतीवर आपटला, समोरच्या दुकानांवरून परत आला, आणि पुढचा ठोका पडायच्या आत मागचा मध्येच येऊन बसला. गाणारा भीमाशंकर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा थांबला. "जिलानीभाई, तुमचा ढोल एकदा वाजवला की चारदा ऐकू येऊन राहिला. मी कोणत्या ठोक्यावर गाऊ?" जिलानीनं स्क्रू आवळले. आवाज आणखी घुमला. मग त्यानं दोष गोलाईला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! गुरुबसप्पा सज्जन माणूस, पण कार्यक्रम त्यांच्या अब्रूचा होता. ते म्हणाले, "राग मानू नका. नांदेडच्या ड्रमवाल्या मल्लिकार्जुनला निरोप धाडलाय. सकाळच्या गाडीनं येईल तो."

जिलानी घरी आला तो न बोलता. ताट तसंच ठेवलं. बोलघेवड्या माणसाचं गप्प बसणं घराला फार जड जातं. गौसियानं तालीम स्वयंपाकघरातूनच ऐकली होती. दोन वर्षं ती या सेटविषयी अवाक्षर बोलली नव्हती, आणि आजही बोलू नये असं तिला क्षणभर वाटलं. बसू दे गप्प, कळू दे. पण त्याचं स्टूल उद्या दुसऱ्याखाली जाणार, हे तिच्यानं बघवेना.

"ढोलाचं पोट रिकामं हाय," ती म्हणाली. "रिकाम्या घरात बोललं की घुमतंच. त्यात वाकळ घाला. आपली लाल."

"रॉकच्या ढोलात वाकळ? लोक हसतील गे मला!"

"आवाज आल्यावर कोण हसतंय?"

जिलानीनं खुंटीवरची पिशवी काढली. मग म्हणाला, "दे. पिशवीत घालून नेतो, कुणाला कळाय नको."

गौसियाच्या मनात पंधरा वर्षांचं सगळं एकदम वर आलं. "न्या," ती म्हणाली. "नेताना तुमच्या मर्जीनं न्या, पण आणताना माझ्या मर्जीनं. भर बाजारातनं, खांद्यावर टाकून. कुणी विचारलं तर खरं सांगायचं. कबूल असंल तर हात लावा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

दुसरा उपाय नव्हता. जिलानीनं मान हलवली.

सकाळी तिनं मांडवातला ढोल घरी आणवून पुढचा पडदा काढायला लावला, वाकळीची घडी कमी-जास्त करून चारदा बसवली आणि पाचव्यांदा तिला हवा तो आवाज आला. जिलानी ढोल घेऊन गोलाईवर गेला. नांदेडचा मल्लिकार्जुन काठ्या घेऊन बसलेलाच होता. गुरुबसप्पांनी एक संधी दिली. जिलानीनं पाय मारला. धप्प! एकच. घट्ट, भरलेला आणि जागच्या जागी थांबणारा. भीमाशंकर न सांगता गायला लागला. मल्लिकार्जुननं काठ्या पिशवीत घातल्या आणि म्हणाला, "मला उगंच बोलावलं तुम्ही. हे ऐकून जातो आता." मग तो ढोलाजवळ आला. "भाई, आत काय घातलंय?"

"कंपनीचा माल हाय," जिलानी म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

संध्याकाळचा कार्यक्रम असा रंगला की लोक खुर्च्यांवर उभे राहिले. गौसिया बायकांच्या बाजूला नागम्माशेजारी बसली होती. लग्न झाल्यापासून कार्यक्रमातला ढोल तिनं भिंतीआडूनच ऐकला होता. आज पहिल्यांदा समोरून ऐकला. प्रत्येक ठोक्याला तिच्या छातीत ऐट भरत होती. नागम्मा कानाशी लागून म्हणाली, "तुझ्या मालकाचा ढोल लई भारी!" गौसिया नुसती हसली. उद्याच्या बाजारात वाकळ निघेपर्यंत थांबायचं तिनं ठरवलं होतं.

घरी येताना जिलानीनं अख्खा सेट हातगाड्यावर घातला, वाकळ ढोलातच. गौसिया दारात उभी. "वाकळ?"

"आत हाय की."

"तशी न्हाई ठरली."

दुसऱ्या दिवशी ऐन बाजाराच्या वेळी जिलानी हातगाडा घेऊन पुन्हा गोलाईवर गेला, तिथं ढोल उघडला आणि लाल वाकळ खांद्यावर टाकून निघाला. जरीच्या पट्ट्या उन्हात चमकत होत्या. पहिली भेटली नागम्मा. "अगं बया! गौसियानं घराबाहेर काढलं का काय?"

"न्हाई," जिलानी खाली बघत पुटपुटला. "ढोलातली हाय. बायकोनं घातली. आवाज तिचा हाय, मी निस्ता हाणतो."

नागम्माचा 'आँ' अख्ख्या ओळीनं ऐकला. मग काय! गुरुबसप्पांनी दुकानातून हाक मारली, त्यांना सांगावं लागलं. पानवाल्याला सांगावं लागलं. आणि सांगता सांगता जिलानीची मान वर आली. त्याला गोष्ट सांगायची सवय होती आणि ही गोष्ट आजवरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा चांगली होती, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात येत होतं.

गौसिया पडद्यामागं उभी होती. गल्लीच्या तोंडाशी त्याचा आवाज चढलेला तिला ऐकू आला. "पंधरा वर्षं माझा ढोल तिनं लावलाय! अहो, नांदेडात बाप तबला मढवून हिलाच विचारायचा, बेटी, पास का नापास?" हे शेवटचं साफ खोटं होतं. बाप तिला नेहमी रागावायचा. पण ते दुरुस्त करायला ती काही बाहेर गेली नाही. तिचे डोळे भरून आले होते.

वाकळ घेऊन जिलानी दारात आला तेव्हा त्याच्या मागं मल्लिकार्जुन होता. नांदेडची गाडी सोडून तो आला होता. चपला काढून उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "भाभी, माझाबी ढोल घुमतोय. काय करू?"

सवयीनं उत्तर द्यायला जिलानीनं तोंड उघडलं, मिटलं आणि वाकळ मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसला.

गौसियानं पडदा बाजूला केला. "उघड्यावर वाजवता का छपराखाली?" तिनं विचारलं.