गाडीमागचं घर

मी शाळेतून निवृत्त झाले त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा यांनी ते अंगणात आणून उभं केलं. पांढरं, दोन चाकांचं, खिडक्यांना निळे पडदे असलेलं. हे पाटबंधारे खात्यातून माझ्याआधीच मोकळे झाले होते. तेव्हापासून रोज एका वेल्डिंगच्या वर्कशॉपात बसून त्यांनी हे चाकांवरचं घर बनवून घेतलं. हे त्याला कॅरव्हॅन म्हणत. गल्लीतले लोक ट्रॉली म्हणत आणि यांना राग येई.

आत पलंग होता, पंखा होता, पाण्याची टाकी होती आणि अगदी पुढच्या बाजूला ओटा.

"हे पाह्य, तुयं किचन," हे म्हणाले. "आता जिथं जाऊ तिथं घरचा सैपाक."

इतकी वर्षं मी पहाटे उठून डबे भरले आणि मग शाळा गाठली. निवृत्तीनंतर काय करायचं ते फारसं ठरवलं नव्हतं, पण काय करायचं नाही ते ठरलेलं होतं. त्यात ओटा पहिला होता. मी म्हणाले, "छान आहे." यांच्या तोंडाकडे पाहून दुसरं काही म्हणता आलं नाही.

ट्रॉली जोडली की आमच्या गाडीचं बूड खाली बसे आणि बोनेट वर येई. पुढची चाकं हलकी पडत. अमेरिकेतला मुलगा येताना त्यावरचा उपाय घेऊन आला. एक वेगळा जोड, त्याला दोन जाड पोलादी सळया. त्या ट्रॉलीच्या दांड्याला साखळ्यांनी ताणून बांधायच्या. त्या ताणाने गाडीच्या मागच्या चाकांवर आलेलं वजन थोडं पुढे सरकतं, थोडं ट्रॉलीच्या चाकांवर जातं. साखळीची कोणती कडी अडकवायची हे गाडीची पुढची उंची मोजून ठरवायचं. आधी नुसत्या गाडीची, मग ट्रॉली जोडल्यावर.

मोजायचं काम माझं होतं. शिवणाची टेप घेऊन मी मडगार्डपाशी उकिडवी बसायची.

"किती?"

"दोन बोटं वर."

"आता?"

"एक बोट."

"एक कसं? नीट पाह्य."

असे कितीतरी रविवार गेले. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी वडाळी तलावावर फिरायला जात. त्यांचा फोन आला की मी उकिडव्यानेच सांगायची, "आज नाही जमत गं." पुढे पुढे फोन यायचे थांबले.

पहिला मोठा प्रवास अकोल्याचा ठरला, माझ्या धाकट्या बहिणीकडे. शेतातल्या तुरी सोंगून-कापून झाल्या होत्या. निघायच्या गडबडीत यांनी जॅक न लावता हातानेच साखळ्या ओढल्या आणि जोर पुरेना म्हणून एक कडी सैलच अडकवल्या. बोनेट जरा वर दिसत होतं. मी तसं म्हणाले. "चालते तेवढं," हे म्हणाले.

बडनेरा मागे पडलं आणि एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रॉली डुलली, आणि तिने गाडीलाही डुलवलं. हे स्टेअरिंग वळवत होते, पण गाडी ऐकत नव्हती. मी दाराची मूठ घट्ट धरून बसले. ओरडले नाही. फक्त एवढंच मनात आलं की इथे बसायचं मी कधी कबूल केलं होतं?

"काहून घाबरून राहिली? काही होत नाही," हे म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका ढाब्याच्या सपाट आवारात आम्ही थांबलो. हे उतरले, जोडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुया डब्यांनी गाडी बसली. सारं वजन पुढं टाकलं तू."

"ओटा पुढं कोणी केला?"

हे खाली वाकून साखळी ओढायला लागले. जोर लावला, आणि तसेच वाकलेले राहिले. कंबरेत उसण भरली होती. सरळ होता येईना, बसता येईना. ढाब्यावरच्या दोघांनी धरून त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं.

मग मी पदर खोचला. सिलिंडर, पिठाचा डबा आणि कुकर ओट्याखालून काढून चाकांच्या वर, मधोमध नेऊन ठेवले. साखळी ओढून ताणायची नसतेच. दांड्याखाली जॅक लावून जोड वर उचलायचा, म्हणजे साखळ्या सैल पडतात. मग हवी ती कडी अडकवायची आणि जॅक उतरवायचा. इतके रविवार बसल्या बसल्या मी तेच तर पाहत होते. दोन्हीकडे एक एक कडी आत घेतली. टेप लावली. बोनेट जागेवर आलं होतं.

"झालं का वं?" सीटवरून आवाज आला.

"झालं."

गाडी मीच चालवली. शाळेत मी रोज स्वतः छोटी गाडी चालवत जायची, पण मागे घर ओढत कधी गेले नव्हते. हळूहळू गेले. ट्रक ओलांडून गेले, ट्रॉली किंचित हलली आणि पुन्हा सरळ मागे आली. भीती गेली होती. तिच्या जागी आनंद यायला हवा होता, तो आला नाही.

बहिणीच्या गल्लीत ट्रॉली वळेना. तिच्याच फाटकासमोर अडकली. शेजाऱ्यांना स्कूटरही चार जणांनी उचलून काढावी लागे. मी बहिणीला म्हणाले, "मी आठ दिवस इथंच राहते. यांना बरं वाटलं की हे जातील पुढे."

"ताई, ते एकटे जातील?" ती म्हणाली.

मी भाकरी थापत होते. आतल्या खोलीत हे कंबर शेकत पडल्या पडल्या मित्राशी फोनवर बोलत होते. "अबे, आता टेन्शनच नाही. जोडते पण तीच, चालवते पण तीच. मले फक्त बसाचं हाय." आवाजात अभिमान होता, खरा अभिमान. माझा हात परातीतच थांबला. मी जर त्या ढाब्यावर हात टेकले असते, तर ट्रॉली कदाचित तिथूनच विकायला गेली असती.

हे एकटे गेले नाहीत. मी बरोबर निघेपर्यंत वाट पाहत बसले. आठ दिवस कसले, पाचव्या दिवशी बहिणीच्या शेजाऱ्यांची कुरकुर ऐकून मीच साखळ्या अडकवल्या आणि ट्रॉली घरी, अमरावतीला परत आणली.

मागच्या महिन्यात हे म्हणाले, "कौंडण्यपूरले जाऊ. नदीच्या काठी लावू गाडी."

"किती दिवस?"

"तू म्हणशील तितके."

"मग अर्धा दिवस."

हे खळखळून हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली. आम्ही तिथे चार दिवस राहिलो.