चार तास आणि एक शिंक

आमच्या कॅज्युअल्टीत आलेला पेशंट चार तासांत घरी किंवा वॉर्डात गेलाच पाहिजे, असा सरकारचा नवा नियम आला. किस्स्यांना मात्र असं टारगेट नाही, त्यामुळे ते साठतच गेले! मी लंडनमधल्या ईलिंगजवळच्या या हॉस्पिटलात रिसेप्शनवर, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. माझ्यामुळे एकाचेही चार तास उलटले तर पर्मनंट व्हायचं विसर, असं मॅनेजर कीथनं बजावलेलं.

*

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर एक नाव लाल झालं आणि काहीतरी पिंपिं वाजायला लागलं. मला वाटलं, आग! "बाहेर पळा!" म्हणून ओरडले. अख्खी वेटिंग रूम कार पार्कमध्ये! ती नुसती तीन तास झाल्याची वॉर्निंग होती.

सिस्टर मॉरीन शांतपणे म्हणाली, "शाब्बास! सरकारला हेच हवंय."

*

मग कस्टमर केअरचं ट्रेनिंग झालं. पेशंटशी हसून बोलायचं. पाय मोडलेल्या एका आजोबांकडे बघून मी अगदी मनापासून हसले.

ते घाबरून म्हणाले, "इतकं सीरियस आहे का?"

*

कॉरिडॉरमध्ये पेशंटच्या ट्रॉल्या साठल्या, तर कीथनं भिंतीवर पाटीच लावली: 'असेसमेंट युनिट'. म्हणजे कागदोपत्री सगळे वॉर्डात पोचले!

आमचे डॉक्टर जोशी मूळचे सांगलीचे. पाटी वाचून म्हणाले, "अगं, बारसं झालं की! घुगऱ्या कुठायत?"

*

आणि गोखले आजी! हाताला प्लास्टर घालून झालं तेव्हा तीन तास पन्नास मिनिटं झालेली. कीथ फाइल घेऊन माझ्या मागे उभा. आजी निघायला उठल्या, आणि टेन्शननं मला शिंक आली!

आजी परत खाली बसल्या. "निघताना शिंकलीस गं. आता पाच मिनिटं टेकायला हवं."

"आजी, प्लीज! माझी नोकरी जाईल हो!"

"म्हणूनच टेकते. अपशकुनावर गेले तर तुझंच वाईट व्हायचं."

कीथनं विचारलं, काय म्हणतायत? मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. तो आजींच्या शेजारी बसला आणि घड्याळाकडे बघत राहिला.

पाच मिनिटांनी आजी उठल्या. मी दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं. तीन तास अठ्ठावन्न मिनिटांना त्या दाराबाहेर! जाता जाता कीथला इंग्रजीत सुनावून गेल्या, "पोरगी चांगली आहे. सोडू नका हिला."

*

सहा महिने संपले तसं कीथनं मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं पर्मनंटचं पत्र. त्यानं पेन उघडलं, सही करणार एवढ्यात मला शिंक आली!

कीथनं पेनला टोपण लावलं. घड्याळाकडे पाहिलं आणि समोरची खुर्ची दाखवत म्हणाला, "बस. पाच मिनिटं."