मागच्या रांगेत होतो, आमा

सहा वर्षांपूर्वी लंडनच्या हाउन्सलोमधल्या आमच्या ऑफिसात, एका काचेच्या खोलीत बसून मी दोन ओळी लिहून दिल्या आणि खाली सही केली. त्या ओळींबद्दल मी या वर्षापर्यंत कुणाशी बोललो नव्हतो. बायकोशी नाही, भावाशी नाही, आणि जिच्याबद्दल त्या होत्या तिच्याशी तर नाहीच. आज सांगतो. पण त्या ओळी काय होत्या हे नीट कळायचं, तर मी गावाहून निघालो तो दिवस आधी सांगायला हवा.

अकरा वर्षं झाली. डिसेंबर होता. गोंदिया जिल्ह्यातलं आमचं गाव, आणि तिथून तीन किलोमीटरवर, जंगलाला लागून, तिबेटी लोकांचा कॅम्प. आपला देश सोडून पळून यावं लागलेल्या माणसांना तिथे जमिनी दिल्या होत्या, त्याला पन्नासएक वर्षं होत आली. तंबू जाऊन घरं झाली, भाताची शेतं झाली, गोम्पा, म्हणजे त्यांचा विहार, झाला. नाव कॅम्पच राहिलं. माझे वडील शाळेत मास्तर, आणि कॅम्पातली बरीच मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. यांगचेन त्यातलीच. दोन वेण्या, नाक कायम वाहतं, आणि पाढे म्हणण्यात वर्गात पहिली. मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. सुट्टीत घरी आलो की तिला सायकलवर पुढे बसवून कॅम्पात सोडायचो. तिची आई मला ओट्यावर बसवून खायला द्यायची. तिला सगळे आमा म्हणत. त्यांच्या भाषेत आमा म्हणजे आई. मीही आमाच म्हणायचो.

निघायच्या दिवशी बाबा म्हणाले, आधी कॅम्पात जाऊन ये. कॅम्प अर्धा रिकामा होता. थंडीत निम्मी माणसं स्वेटर विकायला नागपूर-पुण्याला गेलेली असतात. आमाचे गुडघे गेलेले, म्हणून ती घरी होती. बुधवार होता आणि मी ते विसरलो होतो. बुधवारी कॅम्पातली बरीच माणसं ठरवून फक्त तिबेटी बोलतात, तिबेटी कपडे घालतात, तिबेटी जेवतात. तिकडे मायदेशात शाळांमधून त्यांची भाषा काढून घेतली जाते आहे, तर इकडे आठवड्यातला एक दिवस ती अशी धरून ठेवायची. दगड नाही, काठी नाही, आरडाओरडा नाही. आमा तर इतकी कडक, की बुधवारी दारावर आलेल्या भाजीवाल्याशीसुद्धा बोटांनी भाव करायची.

त्या दिवशी तिने माझ्या गळ्यात उपरण्यासारखा पांढरा रेशमी खाता घातला. निघणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे तो घालतात. विटकरी रंगाचा स्वेटर हातात दिला. आणि निघताना ती मराठीत बोलली. तिचं मराठी आमच्या आठवडी बाजारातलं.

"लंडनले थंडी रायते म्हणतेत. आमच्या तिबेटात तिले थंडी नाही म्हणत," ती हसत म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. "मोठ्या लोकाच्या गावाले चालला तू. तिकडं आमचं सांगजो. म्हणजो, हे लोकं मले मालूम आहेत."

मी म्हटलं, सांगतो आमा. तिने माझ्यासाठी बुधवार मोडला हे मला बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

आता इकडचं. हाउन्सलोमध्ये डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जातं. मी एअर कार्गोचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एका फर्ममध्ये लागलो. नंतर दोन-तीन वर्षांत यांगचेनही आली, नर्स म्हणून. माझ्याकडे निळा पासपोर्ट होता, तिच्याकडे पिवळी वही. जन्म महाराष्ट्रातला, शाळा मराठी, पण पासपोर्ट नाही; निर्वासिताचं प्रवासपत्र. हीथ्रोला तिला तीन तास बसवून ठेवलं होतं. बाहेर आली ती हसतच. "दादा, त्याले समजवता समजवता माझं इंग्लिश सुधरलं."

दर मार्चमध्ये ही मंडळी त्यांच्या उठावाची आठवण म्हणून लंडनमध्ये मोर्चा काढतात. शेवटी चिनी वकिलातीसमोर थांबतात, झेंडे धरतात, प्रार्थना म्हणतात, तुरुंगातल्या माणसांची नावं वाचतात. यांगचेन म्हणाली, चल. मी गेलो. काही जणांनी तोंडाला मास्क लावले होते. मी विचारलं तर म्हणाली, त्यांचे आईबाप तिकडे आहेत, इकडचा फोटो तिकडे गेला तर पोलीस त्यांच्या दारात जातात. तिची स्वतःची मावशी तिकडे होती. मावशीने शेवटच्या फोनवर एवढंच सांगितलं होतं, की आता फोन करू नका, त्यातच आमचं भलं आहे. तरी यांगचेनचं तोंड उघडं होतं. ती म्हणाली, "मावशीनं फोन नको म्हटलं. तोंड लपव असं नाही म्हटलं."

मोठा बॅनर होता. एक टोक तिने धरलं, दुसरं मी.

दहा दिवसांनी एचआरमधून बोलावणं आलं. टेबलावर एक प्रिंटआउट. बॅनर, यांगचेन, आणि मी, अगदी स्पष्ट. आमचा एक मोठा कस्टमर चिनी होता आणि त्यांच्याकडच्या कुणीतरी तो फोटो मेलने पाठवला होता. एचआरची बाई अतिशय गोड बोलली. तू वीकेंडला काय करतोस तो तुझा प्रश्न आहे, म्हणाली. फक्त आपल्याला त्यांना काहीतरी कळवायला हवं. तू या ऑर्गनायझेशनशी संबंधित आहेस का? ही बाई कोण?

इथे मला स्वतःची बाजू मांडता आली असती. माझा व्हिसा त्या फर्मच्या स्पॉन्सरशिपवर होता. कायम राहण्याच्या परवानगीला, ज्याला आम्ही सगळे आयएलआर म्हणतो, आठ महिने उरले होते. ते आठ महिने म्हणजे काय, हे इकडे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माणूस रस्ता क्रॉस करतानासुद्धा सिग्नलमधल्या हिरव्या माणसाची वाट बघतो. मुलगी आठ वर्षांची होती. हे सगळं खरं आहे. पण मला कुणी धमकी दिली नव्हती. नोकरी जाईल असं कुणी म्हणालं नव्हतं. तिने विचारलं आणि मी लगेच उत्तर दिलं. मी तिथून जात होतो, गर्दीत कुणीतरी कापडाचं टोक हातात दिलं, फोटोतल्या बाईला मी ओळखत नाही. ती म्हणाली, लव्हली, हेच दोन ओळींत लिहून देतोस का? मी लिहून दिलं. आय डोन्ट नो द वुमन इन द फोटोग्राफ. अक्षर चांगलं आलं होतं. मास्तरांचा मुलगा मी.

त्याच संध्याकाळी मी यांगचेनला मेसेज केला, की फेसबुकवरच्या फोटोतून मला काढ, व्हिसाचं आहे. तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं. "हो दादा, बरोबर आहे तुझं. जपून राय." दुसऱ्या दिवशी बघितलं तर फोटोत बॅनर अर्धा कापलेला. दोन ओळींचं मात्र मी तिला सांगितलं नाही.

आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी हॅरोच्या हॉलमध्ये आमची चौदा एप्रिलची जयंती होती. मी दरवर्षी बोलतो. त्या वर्षी विषय मानवी हक्क. माझ्या वडिलांचं वाक्य मी भाषणात घातलं: माणूस म्हणून उभं राहायला कुणाची परवानगी मागायची नसते. त्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर उभं राहू दिलं नव्हतं, त्यामुळे बाबांना ते वाक्य म्हणायचा अधिकार होता. मला नव्हता. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत यांगचेन बसली होती आणि तीही टाळ्या वाजवत होती.

पुढच्या मार्चला मी म्हणालो, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. त्याच्या पुढच्या मार्चला पाठ दुखते म्हणालो. नंतर तिने विचारणं सोडलं. आयएलआर मिळालं, पासपोर्टही मिळाला, भीतीचं कारण संपलं, आणि तरी मी गेलो नाही. कारण आता भीती वकिलातीची नव्हतीच, तिच्या शेजारी उभं राहण्याची होती.

आमा मात्र दर मार्चला कॅम्पातून मोर्चाचा व्हिडिओ बघायची. फोनवर म्हणायची, तू दिसला नाही. मी म्हणायचो, मागच्या रांगेत होतो, आमा. सत्तरी पार केलेल्या बाईला मी हे तीन वेळा सांगितलं.

मागच्या वर्षी ती बोलता बोलता म्हणाली, "आता डोळ्यानं नाही दिसत बाप्पा. यांगचेन सांगते मले कोण कोण आहे ते. तू झेंड्याजवळ असतोस नं. ती सांगते दरवर्षी, मिलिंददादा इथंच आहे म्हणून."

मी फोन ठेवला आणि किचनमध्ये नुसता उभा राहिलो. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, काय झाला?" तिचं मराठी असंच आहे. मी म्हटलं, काही नाही. मी जिला ओळखत नाही म्हणून सही केली, ती आपल्या आईसमोर दरवर्षी मला आपल्या शेजारी उभं करत होती. आईला वाईट वाटू नये म्हणून. किंवा मी कधीतरी येईन म्हणून.

मी अजून त्याच फर्ममध्ये आहे. या फेब्रुवारीत एका सोमवारी एचआरमध्ये गेलो. आता तिथे नवीन मुलगी आहे, तिशीतली. तिला सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या फाइलमध्ये एक खोटं स्टेटमेंट गेलं आहे, ते मला बदलायचं आहे. तिने कॉम्प्युटरवर शोधलं. मग दिलासा दिल्यासारखी हसली. जुने कागद आपण काढून टाकतो, म्हणाली. ते आता कुठेच नाही, डोन्ट वरी. तो कस्टमरही केव्हाच गेला.

म्हणजे ज्या कागदाने मी सहा वर्षं वाकलो, तो कागदच उरला नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट राग आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी, म्हणजे स्वतःवर आला. मी म्हटलं, मग हा नवीन ठेव. मी घरून लिहूनच नेलं होतं: फोटोतल्या बाईचं नाव यांगचेन. मी तिला ती सहा वर्षांची असल्यापासून ओळखतो. बॅनर मी माझ्या हाताने, समजून धरला होता आणि पुन्हा धरणार आहे. ती म्हणाली, याची गरज नाही, खरंच. मी म्हटलं, तुला नसेल. तिने शेवटी शिक्का मारून घेतला.

या मार्चला मी गेलो. यांगचेनला आधी सांगितलं नव्हतं. गळ्यात आमाचा खाता, अंगात विटकरी स्वेटर. तो आता पोटावर बसत नाही. हातात एक पुठ्ठा. त्यावर इंग्रजीत आणि खाली मोठ्या मराठीत लिहिलं होतं: मी मिलिंद शहारे. मी यांना ओळखतो. वकिलातीच्या वरच्या मजल्यावर खिडकीत कुणीतरी कॅमेरा घेऊन उभं होतं. मी पुठ्ठा वर धरला, हलवला नाही, फोटो हलू नये म्हणून. काढा फोटो. नाव नीट वाचता येईल असं लिहिलं आहे. ज्या माणसांनी इतक्या वर्षांत कुणावर हात न उचलता फक्त आपली भाषा आणि आपली प्रार्थना मागितली, त्यांच्याकडे बघून तोंड लपवायचं असेल तर ते खिडकीतल्या माणसाने लपवावं.

यांगचेन गर्दीतून आली. पुठ्ठा वाचला. "शहारे मास्तरच्या पोराचं अक्षर अजून तसंच आहे," म्हणाली. मग मी तिला तिथेच, त्या फुटपाथवर, दोन ओळींचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, "मले वाटलंच होतं काहीतरी लिहून देल्लं तू. नुसत्या फोटोसाठी माणूस इतकी वर्षं लपत नाही." आणि बॅनरचं टोक माझ्या हातात देऊन पुढे झाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवशी तिने आमाला व्हिडिओ कॉल लावून सांगितलं, मिलिंददादा इथंच आहे. या वेळी ते खरं होतं. आमाला फरक कळायचं कारण नव्हतं.

इकडे येऊन अकरा वर्षं झाली, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी आधी पोस्टकोड सांगायचो, मग गावाचं नाव. आता मला दोन्ही अपुरी वाटतात. ज्या ओट्यावर मला कुणी नाव न विचारता जेवायला वाढलं, तिथे खोटं न बोलता परत बसता आलं, तर ते घर. अजून तिथे मला बसता येणार नाही. म्हणून बुधवारी संध्याकाळी मी यांगचेनकडे जातो आणि तिबेटी शिकतो. मोजकी पाच वाक्यं. उच्चार वाईट आहेत, ती हसते.

या हिवाळ्यात गावी जातो आहे. कॅम्पात बुधवारीच जाणार, म्हणजे आमाला माझ्यासाठी पुन्हा मराठीत बोलावं लागणार नाही. मला तिला तिच्या भाषेत, तिच्या समोर बसून सांगायचं आहे, की मी मागच्या रांगेत नव्हतो, कुठेच नव्हतो, आणि तुझ्या मुलीला ओळखत नाही असं मी लिहून दिलं होतं. एवढं माझ्याकडून यायचं राहिलं आहे.