चार दगड आणि नातीची परीक्षा

नातीच्या परीक्षेवर दोन टाक्या उकडलेली हळद ओतलेली होती. वाफा निघत होत्या. हळदीखाली बायकांनी चार महिने खपून शिवलेलं कापड होतं, आणि पुण्याच्या परीक्षक मॅडमची गाडी वसमत ओलांडून पुढं निघाल्याचा फोन नुकताच येऊन गेला होता. माझी नात प्राची खळ्याच्या कडेला उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोरीला निदान गप्प बस म्हणता येतं.

हळद ओतणारा रफिक रिकामं घमेलं घेऊन माझ्यासमोर उभा होता. शेतोशेती हळद उकडून देण्याचा त्याचा धंदा.

"आजी, हळदीचे दिवस. खळ्यावर फडकं हातरलेलं. चार कोपऱ्याला चार दगड. माणूस काय समजंल?"

त्याचं बराबर होतं. आमच्या भागात असं कापड दिसलं की त्यावर वाळवण ओततात. आणि ते दगड मीच ठेवले होते.

आम्ही आदल्या दिवशी आमच्या गावाहून, हट्ट्याहून निघालो होतो. प्राची पुण्याला एम.ए. करते. विषयाचं नाव कलाशिक्षण आणि कलामध्यस्थी. मी चौथी शिकले. मध्यस्थी म्हटलं की मला सोयरीक जमवणारे आठवतात, आणि ते खोटं बोलतात. प्राची म्हणाली, यात खोटं बोलायचं नसतं. चित्र आणि माणूस यांच्या मध्ये उभं राहायचं. चित्राचा अर्थ सांगायचा नाही. फक्त विचारायचं, काय दिसतं, आणि कशावरून. मग माणसानं आपलं आपण बोलायचं.

"मग एवढी वर्षं शिकायचं काय त्यात?"

"गप्प राहायला, आजी."

"ते तुझ्या आजोबाला न शिकता येतं."

तिनं हट्ट्याच्या बायकांकडून जुन्या लुगड्यांचं हे कापड शिवून घेतलं होतं. प्रत्येकीनं आपल्याला रोज दिसतं ते टाक्यांनी काढलं. आधी गावातच ते शाळेत लावून पाहिलं. लोक चपला काढून आत आले, हात जोडले, "छान हाय" म्हणाले, चहा पिऊन गेले. त्यापुढं कुणी काही बोललं नाही. आता परगावी, डोंगरकड्याला, मॅडमसमोर, लोकांना बोलतं करायचं होतं. तिथंही नुसते हात जोडले गेले, तर प्राची नापास आणि वर्ष वाया.

एसटीत गाठोडं मांडीवर मावेना. कंडक्टरनं विचारलं, "आजी, वाकळ (गोधडी) घेऊन कुठं निघाल्या?"

प्राची लगेच सुरू झाली. "तुम्हाला यात काय दिसतं?"

"मला गर्दी दिसती, ताई. माघं सरका."

वसमतच्या स्टँडवर आम्ही भजी खाल्ली. तेल जुनं होतं, मिरची ताजी होती. बाजाराकडून वाऱ्यासोबत हळदीचा खकाणा (बारीक धूळ) आला आणि मी सात-आठ वेळा शिंकले. पुढच्या गाडीत जागा मिळाली, पण समोर उसाची ट्रॉली लागली आणि ती बाजूला होईना. दोन्हीकडं केळीच्या बागा. बराच वेळ एकच केळीचा घड पाहून मला झोप लागली. जागी झाले तेव्हा माझं डोकं एका अनोळखी बाईच्या खांद्यावर होतं आणि तिचं माझ्या डोक्यावर.

डोंगरकड्याला माझी भाची कावेरी दिलेली आहे. तिनं पिठलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला.

"मावशे, पोरगी काय शिकून राहिली?"

"इचारायला शिकून राहिली."

"त्याला पुण्याला काहून जावं लागतं? माझी सासू घरी बसून इचारती."

सकाळी कावेरीचं खळं झाडून आम्ही कापड पसरलं. वाऱ्यानं उडेल म्हणून मी चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि आम्ही चहाला गेलो. मी दुसरा कप मागितला नसता तर हे लिहायची वेळ आली नसती.

परत आलो तर कापडावर रफिकची हळद. प्राची फावडं घ्यायला धावली. कावेरीनं हात धरला. "गरम हळद ढकलू नको. सालं निघत्यात, रंग अजून घुसंल. निवू दे."

तेवढ्यात मॅडम आल्या. पिवळ्या ढिगाकडं बघून म्हणाल्या, "कलाकृती कुठे आहे?"

"खाली हाय," मी म्हटलं. "आमच्याकडं आधी झाकतात, मग बघतात. जुनी रीत आहे."

मॅडमनी वही काढली आणि भराभर लिहायला लागल्या. माझ्या मते पोरगी तिथंच पास झाली होती. पण प्राची म्हणाली, "नाही मॅडम. अशी काही रीत नाही. चूक झाली. आजी खोटं बोलून राहिली."

मॅडमनी लिहिलेलं खोडलं. "मग आता काय करणार?"

इकडं कामाच्या बायकांनी कडेची निवलेली हळद हातानं परतायला घेतली होती. एकीचा हात थांबला. हळदीतून बाजेचे खूर आणि माणसाचे दोन पाय बाहेर आले होते.

"मेलेला हाय," रफिक म्हणाला. "पाय बघा कसे ताठ."

"मेलेल्याला बाजंवर ठिवत्यात व्हय?" कावेरी म्हणाली. "भुईवर घेत्यात. झोपलाय त्यो."

प्राचीनं हळूच विचारलं, "आणखी कशावरून?"

दुसरी बाई वाकली. "बाजंखाली चपला जोडीनं ठिवल्यात. बाप्या माणूस अशा ठिवत न्हाई. बायकूनं ठिवल्या."

"मग बायकू कुठंय?" रफिकनं विचारलं.

झालं. सगळ्या बायका बसल्या आणि हळद बाजूला करत त्या बायकोला शोधायला लागल्या. विहीर सापडली, चूल सापडली, एसटी सापडली. प्रत्येक ठिकाणी भांडण. चुलीजवळ ती असणार म्हणून कावेरीनं, आणि विहिरीवर म्हणून रफिकनं, हट्ट धरला. मॅडम आधी वाकून बघत होत्या, मग वही ठेवून खाली बसल्या आणि त्यांनीही हळदीत हात घातला.

बायको कुठंच नव्हती.

"आसंल कशी," कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. "तिनंच शिवलंय ना. ती तिकून बघून राहिली."

बाजेचा तो तुकडा मी शिवलेला होता. बाजेवर आमचा म्हातारा होता. सांगायला तोंड उघडलं, तर प्राचीनं माझ्याकडं पाहिलं. मी पदर दातात धरला. सत्तरी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा आपणहून गप्प बसले, आणि तेही लोक माझ्याबद्दल बोलत असताना.

दुसऱ्या दिवशी परतलो. हट्ट्याला बायकांनी कापड साबणानं धुतलं, तर पिवळ्याचं लाल झालं, आणि जुनी लुगडी घासण्यानं विरली. मला या प्रवासात एवढंच कळलं की लोकांना एखादी गोष्ट मांडून दाखवली तर ते हात जोडतात, आणि सापडली नाही तर बोलतात. प्राची म्हणते, हे तिच्या पुस्तकातही आहे. असेल.

कापड वाचलं नाही. प्राची पास झाली.