कथा सांगायची नाही

आमच्या सिनेमाच्या ग्रुपमध्ये आम्ही पाचच जण आहोत आणि नियम एकच आहे: सिनेमा सुचवायचा, पण कथा सांगायची नाही. कामशेतचे टेलरकाका भुताखेतांचे सिनेमे शोधून काढतात. लोणावळ्याचे भाऊ, म्हणजे माझे जुने शेजारी, रहस्यपटांचे दर्दी. मला आवडतात संथ, परदेशी, अर्धा अर्धा तास कुणी बोलत नाही असले सिनेमे, आणि त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते. ‘ताईंचा सिनेमा लावून भात टाकावा, भात शिजला तरी पहिलाच सीन चालू असतो,’ असं टेलरकाका लिहितात. मी चिडते, पण सुचवायचं काही थांबत नाही.

नियम आम्ही फार कडक पाळतो. एकदा एकाने ‘शेवट चुकवू नका’ एवढंच लिहिलं तर सगळे त्याच्यावर तुटून पडले, कारण मग माणूस सिनेमा बघायचा सोडून शेवटाचीच वाट बघत बसतो. सिनेमा लावताना ग्रुपवर ‘बसलो’ असं लिहायचं, फोन बंद करून टाकायचा आणि संपल्यावर दहापैकी मार्क द्यायचे, ही पद्धत भाऊंनी पाडलेली. भाऊ नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली आहे.

गेल्या हिवाळ्यात मला एक सिनेमा सापडला. काळा-पांढरा, एका आईचा. तो बघून मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. शनिवारी ग्रुपवर लिहिलं, ‘काही विचारू नका, फक्त बघा.’ रविवारी सकाळी सव्वाअकराला भाऊंचा निरोप आला: ‘बसलो. आज बायकोपण आहे.’

मी वडगावला घरी मेथी निवडत होते. निरोप वाचून आधी मला बरंच वाटलं. वहिनी एरवी सिनेमाला बसत नाहीत. त्याही बसल्या म्हणजे माझ्या शब्दाला वजन आहे, असा फुशारकीचा विचारही मनात येऊन गेला. मग मेथी निवडता निवडता मी तो सिनेमा मनातल्या मनात पुन्हा चालवायला लागले. आता त्यांचं हे चालू असेल, आता थोड्या वेळाने ते येईल. असं करत करत मी तळ्यापाशी आले.

त्या सिनेमात शेवटी त्या बाईच्या मुलाला तळ्यात शोधतात. होडीतून गळ टाकून. दहा-बारा मिनिटं कॅमेरा जागचा हलत नाही, नुसता दोर पाण्यात जातो आणि वर येतो.

भाऊंचा मुलगा पवना धरणात बुडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. त्यालाही असाच गळ टाकून शोधलं होतं, दोन दिवस.

हे मी विसरले होते म्हणावं, तर विसरलेही नव्हते. पण सिनेमा बघताना मला तो मुलगा एकदाही आठवला नाही. ‘काय शॉट आहे!’ एवढंच वाटलं होतं. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

भाऊंचा फोन बंद. वहिनींचा नुसता वाजत राहिला. तळं एक तास चाळीस मिनिटांनी येतं, हे मला पाठ होतं. म्हणजे एकला पाच मिनिटं कमी असताना. त्या वेळेत पोचवणारी लोकल नव्हती. मेथी तशीच टाकून मी स्कूटर काढली.

कान्हे फाटा, कामशेत, इथपर्यंत रस्ता बरा होता. कार्ल्याच्या अलीकडे मात्र रविवारच्या पर्यटकांच्या गाड्या ठप्प उभ्या. स्कूटर घालायलाही जागा नाही. मी हॉर्नवरचं बोट काढेना, तेव्हा पुढच्या गाडीतला माणूस काच खाली करून खेकसला. मीही त्याच्यावर खेकसले. बारा पंचवीस झाले होते. वहिनींना काय सांगायचं, टीव्ही बंद करून काय बोलायचं, काही सुचत नव्हतं. रडूच येत होतं, पण हेल्मेटमध्ये रडताही येत नाही.

कडेला काकड्या घेऊन बसलेले एक आबा माझ्याकडे बघत होते.

‘लय घाई दिसती, मावशी. पर ह्ये तासभर हलायचं न्हाई.’

‘आबा, दुसरा रस्ता नाही का?’

‘हाय की. त्या वडाच्या मागनं वावराकडंनं जावा. पर कच्चा हाय, सांभाळून.’

मी सांभाळलं वगैरे काही नाही. दोनदा घसरता घसरता वाचले. भाऊंच्या दारात पोचले तेव्हा एक वाजून गेला होता.

भाऊ बाहेर पायरीवर बसून लसूण सोलत होते. दार लोटलेलं होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, वल्ह्याचा, पाण्यातला. मला वाटलं, उशीर झालाच शेवटी.

‘भाऊ, तुम्ही बाहेर कसे?’

‘बसा ताई. आधी दम खा.’

‘माझं चुकलं. मी सांगायला हवं होतं. त्या सिनेमात—’

‘गळ आहे. माहितीये मला.’

त्यांनी एक पाकळी सोलून ताटलीत टाकली.

‘तेव्हापासून मी कुठलाच सिनेमा कथा वाचल्याशिवाय लावत नाही, ताई. इंटरनेटवर सगळं असतं. मरतं कोण, कसं मरतं, सगळं. पाण्यातलं असलं की ग्रुपवर ‘बसलो’ लिहितो आणि इथं येऊन बसतो. मार्क अंदाजाने देतो.’

आमच्यातला सगळ्यात कडक माणूस हा. एरवी मी त्यांना सोडलं नसतं, पण आत वहिनी होत्या.

‘मग वहिनींना कशाला बघू दिलंत?’

‘मी म्हटलं तिला, हा नको. तर म्हणाली, ह्योच लावा, आन् तुमी भायेर बसा.’

मी उठले. आत जाऊन टीव्ही बंद करायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दाराला हात लावला तेव्हा भाऊ म्हणाले, ‘राहू द्या, ताई. त्या दोन दिवसांत तिला धरणावर कुणी येऊ दिलं नव्हतं.’

कुणी म्हणजे मी. पुरुष सगळे पाण्यावर होते आणि आम्ही बायका वहिनींना घेऊन घरात. आईने असलं बघू नये, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. त्या ‘मला जाऊ द्या’ म्हणत दाराकडे धावायच्या आणि मी त्यांना दोन्ही हातांनी आवळून धरायचे. त्यांच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. मी त्यांना सावरलं, असंच मी नऊ वर्षं समजत होते. कुणाकुणाला सांगितलंही होतं.

मी दारावरचा हात काढून घेतला आणि भाऊंशेजारी बसले. थोड्या वेळाने आतला आवाज मध्येच बंद झाला आणि वहिनी बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण चेहरा शांत होता. मला बघून त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

‘तितं असंच करत व्हते का?’ त्यांनी भाऊंना विचारलं.

‘असंच,’ भाऊ म्हणाले.

‘दोर हाताला कापत आसंल.’

‘कापत होता.’

मग त्या माझ्याकडे वळल्या.

‘ताई, तवा तुमी मला सोडायला पायजे व्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘म्या दोर धरला असता.’