डेडलॉक आतून उघडत नाही

नमस्कार मंडळी. मी वायरिंगचा माणूस. तार जोडली की दिवा लागतो, तुटली की विझतो... यापलीकडे जगात काही आहे असं मी कधी मानलं नाही. असल्या गप्पा निघाल्या की मी हसायचो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. सुरतला उधन्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान होतं. धुळ्याकडून मी सुरतेत आलो तो वसंतनानांच्या भरवशावर. नाना आमच्या गावचे, एका कापडवाल्या शेठकडे ड्रायव्हर. त्यांनीच मला गॅरेजात लावलं, सहा महिने कोसाडला त्यांनी आणि नानींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं.

शेठच्या भावानं शेठसाठी परदेशातून एक गाडी आणली होती. तिला डेडलॉक होतं. ते काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. साध्या गाडीचं दार लॉक असलं तरी आतून उघडता येतं. डेडलॉकमध्ये किल्ली दोनदा फिरवली की आतल्या हँडलचा कुलपाशी संबंधच तुटतो. हँडल नुसतं सैल हलतं. चोरानं काच फोडून हात घातला तरी दार उघडू नये, म्हणून ही सोय. पण आत माणूस असेल तर तोही अडकतो. हे काम दारातली छोटी मोटर करते. तिच्या तारा बिजागरीपाशी, दार उघडता-मिटता, सारख्या वाकतात आणि कधीतरी चिरतात. त्या उघड्या तारा एकमेकींना लागल्या की मोटर फिरते, जणू कुणी किल्लीच फिरवली.

एप्रिलमध्ये नाना गाडी घेऊन आले. म्हणाले, कधीकधी आपोआप लॉक पडतंय. मी बिजागरीजवळचं रबर सरकवून पाहिलं — दोन तारा चिरलेल्या. बदलायच्या तर दाराचं आतलं सगळं काढावं लागणार, म्हणजे अर्धा दिवस. दुकानात लग्नसराईच्या गाड्यांची रांग होती. मी टेप गुंडाळली आणि म्हणालो, "झालं नाना. आता काळजी नाही."

मे महिन्यात एका दुपारी शेठ या गाडीची किल्ली खिशात टाकून दुसऱ्या गाडीनं बारडोलीला गेले. ही गाडी शेठच्या मिलच्या मागच्या आवारात, उन्हात, उघडी ठेवलेली, कारण नाना ती आतून पुसत होते. धूळ येते म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं असावं. लॉक पडलं. त्या गाडीची किल्लीशिवाय ना काच खाली येते, ना हॉर्न वाजतो. शेजारी लूमचा खडखडाट. चार वाजता कुणाचं तरी लक्ष गेलं, तोवर नाना गेले होते. काचांवर आतून हातांचे ठसे होते... सगळीकडे.

लोक म्हणाले, परदेशी गाडीचा दोष. मी तेच चालू दिलं. नानींसमोर बसून रडलो, पण टेपचं सांगितलं नाही.

ऑक्टोबरात शेठनं गाडी विकायला काढली आणि लॉक नीट करायला मलाच बोलावलं. तेच आवार, सकाळचे अकरा. किल्ली ड्रायव्हरच्या दाराला बाहेरून लावलेली, हत्यारं खाली कापडावर. माझीच टेप मी सोडवली, आणि आत बसून मोटरचा आवाज ऐकावा म्हणून दार ओढून घेतलं. तारा उघड्या आहेत हे मला, सगळं माहीत असलेल्या माणसाला, त्या क्षणी सुचलंच नाही.

खट्. चारही दारं.

हँडल ओढलं — सैल. महिनोन्महिने पडून असलेली बॅटरी तेवढ्यातच बसली, म्हणजे मोटर आता उलटीही फिरणार नव्हती. काचेवर लाथा मारल्या, ओरडलो. लूम चालूच होते. वॉचमन लांब गेटवर, पाठमोरा. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. घाम डोळ्यांत उतरत होता, श्वास पुरत नव्हता. नानांनी काय काय करून पाहिलं असेल ते तेव्हा कळलं. मी मोठ्यानं म्हणालो, "नाना, माझं चुकलं."

बाहेरून किल्ली फिरल्याचा आवाज आला. एकदा... मग पुन्हा एकदा. सावकाश. आणि दार वीतभर उघडलं.

मी बाहेर पडलो. आवारात कोणी नव्हतं. उभी लावलेली किल्ली आडवी झाली होती. वॉचमन धावत आला, त्याला विचारलं, आत कोण आलं होतं. तो म्हणाला, "कोई नथी आव्युं, भाई. हुं तो गेट पर ज हतो."

तसाच कोसाडला गेलो. नानींना सगळं सांगितलं, टेपसकट. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माले माहीत शे."

एप्रिलमधल्या त्या संध्याकाळीच नानांनी त्यांना सांगितलं होतं — पोरानं घाईत टेप लावली आहे, लग्नसराई सरली की गाडी परत नेईन. नानी ते कुणाकडे बोलल्या नाहीत; माझं दुकान बसेल म्हणून. किल्लीचंही मी सांगितलं. त्यांनी भाजी बाजूला ठेवली. मग माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "तुले लागनं नही ना?"

पुढे मी अशी कितीतरी कुलपं खोलून पाहिली. बॅटरी बसलेली असताना बाहेरची किल्ली आपोआप दोनदा फिरेल असं त्यात काहीही नाही — ना स्प्रिंग, ना उष्णतेनं होणारी हालचाल.  मन नानांचं नाव घेतं; ते खरं असेल, तर माझ्या टेपनं ज्यांचा जीव गेला त्यांनीच मला बाहेर काढलं, आणि ते मला जास्तच जड जातं.